डबीत कापूस कशाला कोंबतात? (एचआयव्ही, रोजच्या गोळ्या आणि सोबत)

उंबरठा

गेली अकरा वर्षं एचआयव्हीसह जगणाऱ्या लोकांबरोबर समुपदेशक म्हणून काम करतेय. बरेच दिवस डोक्यात घोळत होतं, आज लिहूनच टाकते. ओळख पटेल असे सगळे तपशील बदललेत.

कामाला लागले त्या पहिल्याच वर्षातली गोष्ट. एक बाई यायच्या, तिशीतल्या. तपासणीला येताना गोळ्यांची डबी बरोबर आणायची असते, उरलेल्या मोजायला. बाकीच्यांच्या डब्या टेबलावर ठेवताना खुळखुळायच्या, यांची कधीच वाजायची नाही. एकदा उघडून बघितली तर आत कापूस ठासून भरलेला. मी आपली कौतुकानं विचारलं, "ओल लागू नये म्हणून का?" तर म्हणाल्या, "नाही हो ताई. वाजते ना ती. पर्स जरा हलली की सासूबाई विचारतात, कसल्या गं गोळ्या?"

गोळी त्या न्हाणीघरात जाऊन, नळ सोडून घ्यायच्या. घरात पाहुणे आले की न्हाणीघर मोकळं मिळायचं नाही आणि त्या दिवसाचा डोस जायचा. त्यांच्या फाइलीत माझ्याच अक्षरात तीनदा लिहिलेलं होतं, 'विसरतात. मोबाइलला गजर लावायला सांगितला.' गजर! ज्या घरात डबीसुद्धा वाजू द्यायची सोय नाही, तिथे मी रोज रात्री नऊला गजर वाजवायला सांगत होते.

तेव्हापासून 'विसरलो' ऐकलं की मी पेन खाली ठेवते. खरंच विसरणारेही असतात, नाही असं नाही. पण 'विसरलो' म्हटलं की पुढचा प्रश्न येत नाही आणि ओरडाही जरा कमी बसतो, हे सगळ्यांना माहीत झालेलं असतं.

दुसरी एक आठवण, तीही माझ्या शहाणपणाची नाही. एक गृहस्थ, दर महिन्याला गोळ्यांचा हिशोब चोख. तीस दिवस, तीस गोळ्या, एकही इकडची तिकडे नाही. मी त्यांचं उदाहरण इतरांना द्यायचे. वर्षाच्या तपासणीत व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूंचं प्रमाण, आला ८० हजारांच्या वर. येण्याआधी बसस्टॉपवर बसून उरलेल्या गोळ्या मोजून फेकायचे ते. का, तर मागे एकदा चार गोळ्या उरल्या तेव्हा कुणीतरी सगळ्यांसमोर त्यांना झापलं होतं. त्या झापण्यातून ते गोळी घ्यायला शिकले नाहीत, मोजायला शिकले. आता कुणाचा हिशोब सलग सहा महिने अगदी बरोबर आला की माझ्या पोटात गोळा येतो.

हल्ली मी 'गोळ्या नीट घेता ना?' असं विचारतच नाही. त्याला 'हो'शिवाय उत्तर नसतं. मी म्हणते, "बऱ्याच जणांच्या मधूनमधून गोळ्या राहतात. तुम्हाला या चार दिवसांत कुठला डोस जड गेला?" आणि गप्प बसते. गप्प बसणं मला सगळ्यात अवघड जातं, हे इथे माझे प्रतिसाद वाचणाऱ्यांना सांगायला नकोच.

तुमच्यापैकी कुणी स्वतः औषधं घेत असाल, घरातल्या कुणाला सोबत करत असाल, तर लिहा. कशानं जमलं, कशानं बिनसलं.

टिपकागद

बसस्टॉपचा किस्सा वाचून सुन्न झाले. एक बाळबोध प्रश्न. एखाददुसरी गोळी राहिली तर नक्की काय होतं? इतर औषधांच्या बाबतीत डॉक्टर एवढे हातघाईवर येत नाहीत.

खडूस_काका

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. दिवसाला एक गोळी. एक! जीव वाचतोय. त्यासाठी समुपदेशक, पाठपुरावा, फोन, एवढे लाड कशाला? मी आठ वर्षं रक्तदाबाची गोळी घेतोय, मला कुणी फोन करत नाही.

उंबरठा

काका, राग कसला. एक करा, घरातली गोळ्यांची पाकिटं काढा, कधी आणली ती तारीख बघा आणि किती उरायला हव्या होत्या ते मोजा. इथे सांगायलाच पाहिजे असं नाही.

डॉ_डुलकी

@टिपकागद, प्रश्न बाळबोध नाही. रात्रपाळी संपवून लिहितोय, चुका पोटात घाला.

हा विषाणू शरीरातून पुरता जात नाही. काही पेशींत तो निपचित पडून राहतो आणि तिथे औषधाला काही करता येत नाही. गोळ्या बंद केल्या की बहुतेकांच्या रक्तात दोन ते चार आठवड्यांत पुन्हा दिसू लागतो. उपचार नसताना रोज सुमारे एक हजार कोटी नवे विषाणू तयार होतात आणि हा लेखनिक भलताच गबाळा आहे, प्रत्येक नकलेत खाडाखोड. एखादी खाडाखोड नेमकी अशी निघते की औषध तिथे चिकटतच नाही.

आता गंमत बघा. औषध पुरेसं असेल तर नक्कल होत नाही, म्हणून चुकाही होत नाहीत. औषध अजिबात नसेल तर विषाणू माजतो खरा, पण त्या वाकड्या नकलेला इतरांपेक्षा काही जास्त फायदा नसतो. वाईट असते ती मधली अवस्था. दोन दिवस घेतली, तीन दिवस नाही, पुन्हा एक दिवस घेतली. रक्तात औषध आहे पण अपुरं. त्यात साधे विषाणू मरतात आणि वाकडे तेवढे टिकून वाढतात. यालाच रेझिस्टन्स म्हणतात. नेव्हिरॅपिन, एफाव्हिरेन्झ या जुन्या औषधांना एका बदलात विषाणू दाद देईनासा व्हायचा. लॅमिव्ह्युडिनचंही तेच. डोल्युटेग्रॅव्हिर बरंच चिवट आहे, ते सहजासहजी हात टेकत नाही. २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं टेनोफोव्हिर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्रॅव्हिर एकत्र असलेल्या गोळीला पहिली पसंती दिली, त्यामागे हेही एक कारण आहे.

तुम्ही कदाचित '९५ टक्के गोळ्या घेतल्याच पाहिजेत' असं कुठे वाचलं असेल. तो आकडा २००० सालच्या अभ्यासातला आहे, तेव्हाच्या औषधांचा. तेव्हा काही औषधं दर आठ तासांनी, रिकाम्या पोटी, वर तांब्याभर पाणी, अशी घ्यावी लागत. आजच्या गोळ्या त्यापेक्षा पुष्कळ पदरात घेतात. पण पेशंटला घाबरवायला अजून तोच आकडा काढला जातो. आणि घाबरलेला माणूस दोन गोळ्या चुकल्या की म्हणतो, आता गेलंच सगळं, मग तिसरी तरी कशाला घ्या.

राहिली तर आठवल्याबरोबर घ्यावी. पुढच्या गोळीला चार तासांहून कमी वेळ उरला असेल तर ती सोडून पुढची वेळेवर घ्यावी. (हे डोल्युटेग्रॅव्हिरच्या गोळीचं, दुसरं औषध असेल तर विचारून घ्या.) भरपाई म्हणून दोन एकदम घेऊ नयेत.

आणि 'तब्येत झकास आहे, जरा सुट्टी घेतो' म्हणणाऱ्यांसाठी. सुट्टी देऊन बघून झालं आहे. स्मार्ट नावाच्या मोठ्या चाचणीत साडेपाच हजारांच्या आसपास लोक होते. अर्ध्यांची औषधं सीडी-४ (रक्तातल्या प्रतिकार करणाऱ्या पेशींचा आकडा) बघून मधूनमधून थांबवली. २००६ मध्ये ते थांबवणंच थांबवावं लागलं, कारण त्या गटात आजार आणि मृत्यू जास्त व्हायला लागले. हृदयाचे, किडनीचे आजारसुद्धा.

ज्यांना बरोबर हेपॅटायटिस बी आहे त्यांनी तर मनानं बंद करूच नये. यातली दोन औषधं त्या विषाणूलाही दाबून ठेवतात, ती सुटली की यकृत भडकू शकतं.

जुना_गडी

मी पॉझिटिव्ह आहे. या आयडीनं नऊ वर्षं इथे क्रिकेटवर भांडतोय, हे वाक्य पहिल्यांदा लिहितोय.

२००६ ला गोळ्या सुरू झाल्या. स्टॅव्ह्युडिन, लॅमिव्ह्युडिन, नेव्हिरॅपिन, दिवसातून दोनदा. सहा महिन्यांत अंथरुणातून उठून कामावर गेलो. दोन वर्षांनी आरशात गाल दिसेनासे झाले. दंडावरच्या शिरा दोरीसारख्या वर आल्या. चरबी झडते त्या स्टॅव्ह्युडिननं. ऑफिसात लोक विचारायचे, "काय रे, डाएट?" आणि ज्यांना कळायचं ते काही विचारायचे नाहीत, नुसते बघायचे. औषधानं जीव वाचवला आणि तोंडावर पाटी लावली, असं मला वाटायचं. मी गोळ्या बंद केल्या. विसरलो नव्हतो. रोज रात्री डबी हातात घ्यायचो आणि परत ठेवायचो.

पुढे २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनंच ते औषध हळूहळू बंद करा म्हणून सांगितलं. म्हणजे मी वेडा नव्हतो. पण माझ्या नावापुढे रजिस्टरात लाल शाईनं 'डिफॉल्टर' लिहिलेलं मी उलटं वाचलं होतं, टेबलाच्या या बाजूनं. जणू कर्ज बुडवलं होतं. का बंद केल्या हे कुणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. कुणी विचारलं नाही, मीही परत गेलो नाही. सात महिन्यांनी फुप्फुसाचा टीबी घेऊन गेलो.

मग सेकंड लाइन, म्हणजे पहिली औषधं लागू पडेनाशी झाली की देतात ती. त्यातल्या अटाझानाव्हिरनं डोळे पिवळे झाले. कावीळ नव्हे, नुसता रंग, यकृताला काही नाही. पण या वेळी एका नर्सनं ते आधीच सांगून ठेवलं होतं. "डोळे पिवळे दिसतील, घाबरून बंद करू नका, मला येऊन दाखवा." बस, एवढंच. डोळे पिवळे झाले, मी दाखवायला गेलो, गोळ्या चालू राहिल्या. पहिल्या वेळी आणि या वेळी माझ्यात काहीच फरक नव्हता. त्या एका वाक्याचा फरक होता.

आणि एक मित्र. त्याला सगळं माहीत आहे. रोज नऊला त्याचा मिस्ड कॉल येतो. मी गोळी घेतली की उलट मिस्ड कॉल देतो. नाही दिला तर साडेनऊला फोन, आणि फोनवरही तो 'घेतलीस का' म्हणत नाही, मॅचबद्दल बोलतो. बारा वर्षं झाली. मध्ये त्याचंच अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं, त्या रात्री मी म्हटलं आज नाही येणार. नऊ वाजून चार मिनिटांनी आला.

टिपकागद

गडी, क्रिकेटवर तुमच्याशी पुन्हा भांडेन तेव्हा तितक्याच जोरात भांडेन, हे आधीच सांगून ठेवते.

उंबरठा

@जुना_गडी, लाल शाईबद्दल. मीही तो शब्द वापरलाय, लिहिलाय. आता आम्ही 'उपचार खंडित' लिहितो. तोही काही फार गोड नाही, पण निदान त्यात माणूस आरोपी होत नाही.

तुमच्या मित्राच्या मिस्ड कॉलवरून आठवलं. केनियात एक चाचणी झाली होती, २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. नर्स आठवड्यातून एकदा मोबाइलवर एक शब्द पाठवायची, 'मांबो?' म्हणजे 'काय, कसं काय?' पेशंटनं दोन दिवसांत उत्तर द्यायचं, 'सावा' म्हणजे ठीक किंवा 'शिदा' म्हणजे अडचण आहे. शिदा आलं किंवा काहीच आलं नाही तर नर्स फोन करायची. गोळीचा उल्लेखसुद्धा नाही. तरी या गटात गोळ्या जास्त नियमित घेतल्या गेल्या आणि विषाणू दबलेल्यांचं प्रमाणही जास्त होतं. मी ही गोष्ट वरिष्ठांना सांगितली तर म्हणाले, 'छान, आपण रोज आठवणीचे मेसेज पाठवणारं ॲप करू.' कपाळावर हात मारला. अहो, त्यात आठवण नव्हतीच, चौकशी होती.

खलबत्ता

औषधाच्या काउंटरमागून दोन शब्द. इथे सगळे न घेतलेल्या गोळ्यांबद्दल बोलताहेत, मी घेतलेल्या पण वाया गेलेल्या गोळ्यांबद्दल सांगतो.

एक ताई यायच्या. गोळी एकदाही चुकलेली नाही, शपथेवर. आणि मला ते खरं वाटायचं. तरी व्हायरल लोड दबून राहायचा नाही. दोनदा त्यांना 'नीट घेत जा'चं प्रवचन ऐकावं लागलं. एकदा माझ्याकडे दुसरीच चिठ्ठी घेऊन आल्या, लोहाच्या गोळ्यांची. विचारलं कधी घेता. "सकाळी उठल्या उठल्या, दोन्ही एकदमच, म्हणजे विसरायला होत नाही." घ्या! डोल्युटेग्रॅव्हिर लोहाला, कॅल्शियमला, ॲसिडिटीच्या मॅग्नेशियम-ॲल्युमिनियमवाल्या औषधाला पोटातच चिकटून बसतं आणि रक्तात पोचतच नाही. उपाशीपोटी लोहाबरोबर घेतलं तर निम्म्याहून जास्त वाया. लोह आणि कॅल्शियम जेवणाबरोबर घेतलं तर एकत्र चालतं. ॲसिडिटीचं ते औषध मात्र वेगळंच ठेवायचं, आधी एचआयव्हीची गोळी आणि दोन तासांनी ते, किंवा ते आधी घेतलं असेल तर सहा तास थांबायचं.

त्यांची वेळ बदलली, पुढचा रिपोर्ट स्वच्छ. प्रवचन देणाऱ्यांपैकी कुणी त्यांना सॉरी म्हटलं असेल असं वाटत नाही.

टीबीचं रिफॅम्पिसिन चालू असेल तर डोल्युटेग्रॅव्हिर दिवसातून दोनदा लागतं. मधुमेहाचं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांना सांगावं, त्याचा डोस जपून ठेवावा लागतो. थोडक्यात, जे जे पोटात जातं ते सगळं सांगा, ताकदीच्या गोळ्या आणि जडीबुटीसकट.

त्या कापसाबद्दल अवांतर. कापूस चालेल, पण डबीत जी छोटी ओल शोषणारी पुडी असते ती फेकू नका. चार-पाच दिवसांच्या गोळ्या छोट्या डबीत काढून न्यायला हरकत नाही, महिन्याभराच्या नको.

निळी_छत्री

चार दिवस हा धागा उघडतेय आणि बंद करतेय. आज लिहिते.

माझी भाची माझ्याकडे असते, पंधरा वर्षांची आहे. जन्मापासूनच आहे तिला. ताई ती पाच वर्षांची असताना गेली. लहानपणी पातळ औषध, मग गोळ्या. मी तिला सांगितलं होतं, तुझी फुप्फुसं नाजूक आहेत म्हणून हे रोज घ्यायचं. कुणालाही सांगायचं नाही. ती शहाण्यासारखी घ्यायची. मी तिच्यासमोर उभी राहायचे, ती गिळायची, जीभ दाखवायची, मग मी जायचे.

मागच्या महिन्यात पलंग सरकवला तर गादी आणि भिंतीच्या फटीत गोळ्या. मी मोजल्या. एकेचाळीस. काही ओल्या होऊन फुगलेल्या, म्हणजे तोंडातून काढलेल्या. मी किंचाळले तिच्यावर. नको ते बोलले. तिनं एवढंच विचारलं, "फुप्फुसाच्या गोळ्या आहेत ना? मग मला खोकला कधीच का होत नाही?"

मला काही उत्तर सुचलं नाही. मी दार लावून घेतलं. व्हायरल लोड केलाय, वाढलेला आहे. डॉक्टर म्हणतात तीन महिने नियमित घेऊन पुन्हा करू. पण आता मी समोर उभी राहिले की ती तोंडच उघडत नाही. काय करू?

उंबरठा

छत्रीताई, आधी एक. एकेचाळीस गोळ्या बघून कुणीही किंचाळलं असतं. दहा वर्षं तुम्ही एकटीनं हे निभावलंत, त्या एका दुपारवरून स्वतःला तोलू नका.

दुसरं, तिला बहुतेक माहीत आहे. पंधरा वर्षांच्या मुलीच्या हातात मोबाइल असतो आणि डबीवर औषधाचं नाव असतं. तिला गोळ्यांचा राग नसावा. सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट फक्त तिलाच कुणी सांगत नाही, याचा राग असेल. मुलांना सहा ते बारा या वयात, त्यांच्या समजुतीप्रमाणे टप्प्याटप्प्यानं सांगावं, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०११ मध्येच सुचवलंय. सांगितल्यानं मुलं कोलमडतात ही मोठ्यांची भीती असते. रडतात, चिडतात, आईवर चिडतात, जी आता नाही तिच्यावर. तेही व्हावं लागतं.

तुम्ही एकटीनं नका सांगू. तिच्या समुपदेशकाला बरोबर घ्या. बोलणं तुमच्या चुकीपासून सुरू केलंत तर बरं, "मी तुला खोटं सांगितलं होतं." आणि जीभ बघणं आजपासून बंद करा. भीती वाटेल, तरी बंद करा.

डॉ_डुलकी

@निळी_छत्री, वैद्यकीय बाजूनं थोडा धीर. तुमच्या डॉक्टरांनी बरोबर सांगितलंय. लोड एक हजाराच्या वर आला की लगेच औषध बदलत नाहीत, आधी अडचण शोधायची, मग साधारण तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचं. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या की अनेकांचा लोड त्याच औषधावर खाली येतो. ती डोल्युटेग्रॅव्हिरवर असेल तर शक्यता चांगलीच आहे.

तिला हेही सांगा की पुढे प्रेम, लग्न, मूल, सगळं होऊ शकतं. आमच्या पिढीनं एचआयव्ही शिकवला तो कवटीच्या चित्रांनी. खरी बातमी पोचलेलीच नाही. गोळ्या नियमित आणि विषाणू तपासणीत न सापडण्याइतका कमी असेल तर शरीरसंबंधातून तो जोडीदाराला लागत नाही. २०१९ मध्ये आलेल्या पार्टनर-२ अभ्यासात ७८२ पुरुष जोडपी होती, एक पॉझिटिव्ह, एक निगेटिव्ह, कंडोमशिवाय संबंध. औषधावर असलेल्या जोडीदाराकडून लागण झाली अशी एकही केस नाही. शून्य.

शून्य_प्रहर

नवीन आयडी काढलाय, समजून घ्या. पाच आठवडे झाले कळून. डुलकी, ते शेवटचं वाक्य मी अकरा वेळा वाचलं. मला हे अजून कुणी सांगितलं नव्हतं. 'गोळ्या चुकवायच्या नाहीत' हे मात्र सहा जणांनी सांगितलं.

दोन प्रश्न. झोप उडालीय, गोळीमुळे की टेन्शनमुळे? आणि शनिवारी मित्रांबरोबर थोडी घेतो, त्या दिवशी गोळी घेत नाही, दोन्ही एकत्र नको म्हणून. बरोबर ना?

डॉ_डुलकी

दुसरं आधी. नाही, बरोबर नाही. आणि हा तुझ्या एकट्याचा गैरसमज नाही. 'या औषधावर दारू चालणार नाही' असं आम्ही दरडावून सांगतो आणि लोक दारू सोडण्याऐवजी त्या दिवसाची गोळी सोडतात. जास्त पिणं वाईटच, त्यावर वेगळं बोलू. पण प्यायलास तरी गोळी घे. तुझ्या शनिवारच्या गोळीची वेळ बाहेर पडायच्या आधीची ठेव.

झोपेचं दोन्हीमुळे असू शकतं. डोल्युटेग्रॅव्हिरनं काहींची झोप उडते, सकाळी घेऊन बघ, डॉक्टरांना सांगून. पण पाच आठवडे झोप नाही आणि कशातच मन लागत नाही असं असेल तर तेही सांग. डिप्रेशन हे गोळ्या सुटण्याचं मोठं कारण आहे आणि त्यावर इलाज आहे.

जुना_गडी

@शून्य_प्रहर, विपु बघ, तुला खाजगी निरोप टाकलाय. नऊचा मिस्ड कॉल द्यायला माझ्याकडे एक जागा रिकामी आहे.

खडूस_काका

पाकीट मोजलं. चौदा उरल्या आहेत. पाच उरायला हव्या होत्या. सौ. म्हणाली, मला माहीतच होतं.

आधीचा प्रतिसाद मागे घेत नाही, पण तो माझ्या रक्तदाबाच्या डॉक्टरांना दाखवू नये ही विनंती.

उंबरठा

काका :) तुम्ही एकटे नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००३ च्या अहवालात म्हटलंय की श्रीमंत देशांतसुद्धा जुनाट आजारांची औषधं नीट घेणारे सरासरी निम्मेच असतात. एचआयव्हीचे लोक त्या मानानं पुष्कळच नेटानं घेतात. आणि तुम्हाला तुमची पाकिटं लपवावी लागत नाहीत, हा फरक राहतोच.

टिपकागद

रोजच्या गोळीऐवजी इंजेक्शन निघालंय म्हणे? लपवायचा प्रश्नच मिटला की.

खलबत्ता

निघालंय. काबोटेग्रॅव्हिर आणि रिल्पिव्हिरिन, दोन इंजेक्शनं एकदम. अमेरिकेत जानेवारी २०२१ मध्ये महिन्यातून एकदा म्हणून परवानगी मिळाली, पुढच्याच वर्षी दोन महिन्यांतून एकदा. हेपॅटायटिस बी असणाऱ्यांना एवढ्यावर भागत नाही. आणि इंजेक्शनची तारीख चुकली तर औषध शरीरात महिनोन्‌महिने कमी कमी होत राहतं, म्हणजे डुलकींनी सांगितलेली ती मधली अवस्था लांबते. तरी ज्यांना गोळ्या जमतच नाहीत अशांवर केलेल्या एका चाचणीत इंजेक्शनवाल्यांचं जास्त चांगलं निघालं. पण ते सगळीकडे सहज मिळत नाही.

उंबरठा

मिळेल तेव्हा मिळेल. तोवर साधे उपाय काही कमी नाहीत. नीट चाललेल्या माणसाला दर महिन्याला रांगेत उभं करायचं कारण नाही, तीन ते सहा महिन्यांच्या गोळ्या एकदम देता येतात. मोझांबिकच्या टेटे भागात २००८ पासून सहा-सहा जणांचे गट केले होते. दर महिन्याला गटातला एकच जण दवाखान्यात जायचा, सगळ्यांच्या गोळ्या आणायचा आणि स्वतःची तपासणी करून घ्यायचा. त्यांची अडचण डबी वाजण्याची नव्हती, दवाखान्याच्या अंतराची होती. एक दिवसाचा रोज बुडवून कोण दर महिन्याला जाईल? माझ्याकडे येणारे ट्रकवर असतात, रात्रपाळी करतात, त्यांना 'रोज रात्री नऊ' म्हणणं म्हणजे थट्टाच. त्यांनी वेळ स्वतःच्या दिवसाला बांधायची. एक ड्रायव्हरदादा दिवसाची पहिली डिझेलची टाकी भरली की गोळी घेतात.

निळी_छत्री

सात आठवड्यांनी लिहितेय.

सांगितलं. समुपदेशकताई बरोबर होत्या. तिला माहीत होतं, दीड वर्षापासून. डबीवरचं नाव शोधलं होतं तिनं. मला वाईट वाटेल म्हणून बोलली नाही, म्हणाली. मग दोन दिवस माझ्याशी बोललीच नाही. तिसऱ्या दिवशी ताईचे फोटो मागितले. सगळे दिले.

जीभ बघत नाही मी आता. पहिला आठवडा रात्री तीनदा उठून पलंगाच्या फटीत हात घालून बघायचे. तिनं पकडलं एकदा. अंधारात म्हणाली, "मावशी, झोप ना."

तिनं स्वतःच मोबाइलवर गजर लावलाय, साडेसातचा. मैत्रिणी शेजारी असल्या तरी वाजतो. स्क्रीनवर नाव येतं 'गणिताची उजळणी'. म्हणते, ते बघून कुणी पुढे काही विचारत नाही.

उंबरठा

हे मी उद्या आमच्याकडच्या सगळ्या मुलांना सांगणार. तिला विचारून. रिपोर्ट कधी आहे?

निळी_छत्री

गुरुवारी. मला म्हणालीय, तू बाहेर बाकावर बस, आत मी एकटी जाणार.